कॉन्सर्टिनाचा निवासी वर्ग

कॉन्सर्टिनाचा निवासी वर्ग शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो आणि रविवारी दुपारी संपतो. एखाद्या जुन्या हवेलीत, विद्यार्थी वसतिगृहात किंवा लोककला केंद्रात वीस-तीस वादक, कधी त्याहून जास्त, आपापली वाद्ये घेऊन उतरतात. राहणे, जेवण आणि शिक्षण एकाच छपराखाली असते. दिवसा गटागटाने शिकवणी, रात्री मैफल आणि त्यानंतर झोप येईपर्यंत एकत्र वादन, असा क्रम इंग्लंडमध्ये गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. असे काही वर्ग नवशिक्यांनाही घेतात. पण ज्यांचा विशेष उल्लेख व्हायला हवा ते वर्ग आहेत अनुभवी वादकांचे, म्हणजे ज्यांना वाद्य धरावे कसे आणि बटणे कुठे आहेत हे सांगावे लागत नाही त्यांचे.

अनुभवी कोणाला म्हणायचे, याची काटेकोर परीक्षा नसते. पाच-पंचवीस चाली पाठ असाव्यात, नवी चाल कानाने किंवा स्वरलिपीवरून बऱ्यापैकी वेगाने उचलता यावी, चार लोकांबरोबर लय न सोडता वाजवता यावे, एवढी अपेक्षा असते. यात बसणारा वादक बहुधा पाच-दहा वर्षे एकट्याने वाजवत आलेला असतो. त्याने पुस्तकातून, ध्वनिमुद्रणांतून आणि स्वतःच्या हट्टातून वाद्य हस्तगत केलेले असते. त्याच्या गावात किंवा जवळपासच्या शहरातही दुसरा कॉन्सर्टिना-वादक असेलच असे नाही. निवासी वर्गाची गरज या एकटेपणातून निर्माण झाली. हे वाद्य असे एकाकी का झाले, हे समजण्यासाठी आधी वाद्याकडे पाहावे लागते.

कॉन्सर्टिना दोन तळहातांत मावते. दोन्ही टोकांना लाकडाच्या किंवा धातूच्या, बहुधा षटकोनी, नक्षीदार जाळीच्या ताटल्या आणि त्यांच्यामध्ये चामड्याच्या घड्यांचा भाता. बटणे दोन्ही ताटल्यांवर असतात. ती भात्याच्या हालचालीच्याच दिशेने दाबायची असतात, आणि एका बटणातून एक वेळी एकच स्वर निघतो. ॲकॉर्डियनमध्ये डाव्या हाताला तयार स्वरमेळाची बटणे मिळतात. इथे तशी सोय नाही, स्वरमेळ बोटांनी जुळवावा लागतो. आवाज निघतो तो मराठी वाचकाला चांगल्याच परिचित असलेल्या तत्त्वाने. पेटीत जशी हवेच्या झोताने धातूची पातळ जीभ कंप पावते, तशीच ती इथेही कंप पावते. फरक असा की चांगल्या कॉन्सर्टिनात ही जीभ पोलादाची असते, प्रत्येक जिभेला पितळेची स्वतंत्र चौकट असते आणि त्या चौकटी लाकडी तबकात खाचेत घट्ट सरकवलेल्या असतात. प्रत्येक बटणामागे दोन जिभा, एक भाता मिटताना वाजणारी, दुसरी उघडताना. म्हणजे 48 बटणांच्या वाद्यात 96. पेटी वाजवणाऱ्याचा एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर असतो. कॉन्सर्टिनात दोन्ही हात स्वरही काढतात आणि भाताही चालवतात, आणि वादनातली बहुतेक गोडी आणि बहुतेक अडचण इथेच आहे.

हे वाद्य चार्ल्स व्हीटस्टन याचे. भौतिकशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ‘व्हीटस्टन ब्रिज’ आठवत असेल. तोच हा संशोधक, जन्म 1802, मृत्यू 1875. त्याचे घराणे लंडनमधल्या वाद्यनिर्मात्यांचे. ध्वनीच्या अभ्यासात त्याने चीनमधल्या शेंग या तोंडाने वाजवायच्या वाद्याचाही विचार केला होता; मोकळ्या जिभेचे तत्त्व आशियात फार पूर्वीपासून माहीत होते. 1829 मध्ये त्याने तोंडाने फुंकायच्या ‘सिम्फोनियम’ या बटणांच्या छोट्या वाद्याचे पेटंट घेतले. पुढे त्यालाच भाता जोडला गेला आणि 1844 च्या पेटंटात कॉन्सर्टिना हे नाव आले. जवळपास त्याच काळात जर्मनीत केम्निट्स गावी कार्ल फ्रीडरिख उलिग याने 1834 च्या सुमाराला वेगळ्या रचनेचे भात्याचे वाद्य बनवले. दिसायला दोन्ही भावंडे, पण वाजवायला इतकी वेगळी की एक येणाऱ्याला दुसरे येत नाही. इथून पुढचा सगळा गुंता या दोन उगमांचा आहे, आणि निवासी वर्गाची आखणीही त्यानेच ठरते.

आज कॉन्सर्टिनाच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पहिली इंग्लिश. तिच्यात भाता मिटा किंवा उघडा, त्याच बटणातून तोच स्वर येतो. स्वरांची वाटणी विलक्षण आहे: पाश्चात्त्य स्वरलिपीत जे स्वर पाच रेघांवर येतात ते डाव्या हाताला, जे रेघांमधल्या जागेत येतात ते उजव्या हाताला. त्यामुळे साधे सप्तक वाजवतानाही डावा-उजवा, डावा-उजवा असे हात आळीपाळीने चालतात. अंगठा चामड्याच्या पट्ट्यात, करंगळी धातूच्या आधारावर आणि वाजवायला उरलेली तीन बोटे. दुसरी पद्धत अँग्लो, म्हणजे जर्मन वाद्याचे इंग्लंडमध्ये वाढलेले रूप. हिच्यात एकच बटण भाता मिटताना एक स्वर देते आणि उघडताना दुसरा, जसे माऊथ ऑर्गनमध्ये फुंकताना आणि ओढताना होते. खालचे स्वर डाव्या हाताला, वरचे उजव्या. सर्वांत प्रचलित अँग्लोला 30 बटणे असतात, सी आणि जी या दोन स्वरसप्तकांच्या ओळी आणि वर विकृत स्वरांची तिसरी.

तिसरी पद्धत ड्युएट. बटणातून दोन्ही दिशांना एकच स्वर, पण डाव्या हाताला खालचे स्वर आणि उजव्या हाताला वरचे. म्हणजे एका हाताने साथ आणि दुसऱ्याने चाल, पियानोसारखी. ही कल्पना सर्वांत समंजस वाटते, आणि तरीही ड्युएट वाजवणारे सर्वांत कमी आहेत. कारण ड्युएट ही मुळात एक पद्धत नाहीच. 1884 मध्ये मॅकॅन याने एक बटणरचना पेटंट केली, 1896 मध्ये क्रेन नावाने ओळखली जाणारी दुसरी आली (साल्व्हेशन आर्मीत ती ‘ट्रायम्फ’ म्हणून चालली), जेफ्रीज कारखान्याची तिसरी होती, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रायन हेडन याच्या नावाची चौथी. एकीची बोटे दुसरीवर चालत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लिश कॉन्सर्टिना हे लंडनच्या उच्चभ्रू दिवाणखान्यातले वाद्य होते. गिटारवर बालपणीच नाव कमावलेला ज्युलिओ रेगोन्दी याने ती मैफलीच्या मंचावर आणली, आणि बर्नहार्ड मोलिक या व्हायोलिनवादक संगीतकाराने तिच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला. पुढच्या पिढीत किमती उतरल्या. लुई लाशेनाल याच्यासारख्या कारागिरांनी यंत्रांच्या मदतीने उत्पादन वाढवले, आणि वाद्य कामगारांच्या, खलाशांच्या, रस्त्यावरच्या वादकांच्या हाती गेले. यॉर्कशर आणि लँकशरच्या गिरणी-खाणींच्या गावांत नुसत्या कॉन्सर्टिनांचे बँड उभे राहिले. हेकमंडवाइक, मेक्सबरो, ॲश्टन अशा गावांची नावे त्यात येतात. स्वस्त जर्मन वाद्ये आयर्लंडमध्ये पोचली, आणि पश्चिमेकडच्या क्लेअर काउंटीत ती विशेषतः बायकांचे वाद्य म्हणून घराघरांत रुजली. किलरश गावच्या एलिझाबेथ क्रॉटी (1885–1960) हे त्या परंपरेतले सर्वांत आदराने घेतले जाणारे नाव. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या नाचाच्या संगीतात आणि झुलू गायकांच्या हातीही हेच वाद्य दिसते.

मग उतार आला. पहिल्या महायुद्धानंतर पियानो-ॲकॉर्डियन, ग्रामोफोन आणि रेडिओ यांनी कॉन्सर्टिनाची जागा घेतली. लाशेनालचा कारखाना 1930 च्या दशकात बंद पडला. बँड विरले, दिवाणखान्यातले शिक्षक गेले, वाद्ये माळ्यावर पडली. शिकवणीची साखळी एका पिढीइतकी तुटली, आणि त्याहून मोठे नुकसान दुसरे काही झाले नाही. वाद्ये पुन्हा मिळतात, दुरुस्तही होतात. पण भाता कुठे वळवायचा, साथीचा स्वर कुठे सोडून द्यायचा, नाचणाऱ्यांसाठी चाल किती सावकाश घ्यायची, हे हातातून हातात जाणारे ज्ञान पुस्तकात उतरत नाही.

लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनात वाद्य परत आले. 1952 मध्ये लंडनमध्ये इंटरनॅशनल कॉन्सर्टिना असोसिएशन स्थापन झाली. 1970 च्या दशकात तरुण वादकांची मोठी लाट आली. नॉर्थंबरलंडच्या परंपरेतला इंग्लिश कॉन्सर्टिना-वादक ॲलिस्टर अँडरसन याचे ‘कॉन्सर्टिना वर्कशॉप’ हे पुस्तक याच काळातले. वाद्य हाती आले, पण शिकवणारे कुठे भेटायचे? प्रांताप्रांतात वादकांचे गट तयार झाले आणि महिन्यातून एकदा भेटू लागले. तेवढ्याने पुरेना, तेव्हा निवासी वर्ग निघाले. उत्तर यॉर्कशरमध्ये स्वेलडेल खोऱ्यात, ग्रिंटन लॉज या एकेकाळच्या शिकारी हवेलीत, उन्हाळ्याच्या तोंडावर भरत आलेला ‘स्वेलडेल स्क्वीझ’ हा त्यातला एक प्रसिद्ध मेळा. सॉमरसेटमध्ये वेस्ट कंट्री कॉन्सर्टिना प्लेयर्स या गटाचा निवासी वर्ग किल्व्ह येथे भरत आला आहे, तर त्याच भागात क्वाँटॉक टेकड्यांच्या पायथ्याशी असलेले हॉल्सवे मॅनर हे निवासी लोककला केंद्र 1965 पासून चालते. ऑक्सफर्डशरमध्ये ब्लँकेटांसाठी नावाजलेल्या विटनी गावीही कॉन्सर्टिनाचे वर्ग झाले आहेत. तिथून ऑक्सफर्ड जवळ, आणि ऑक्सफर्डच्या कडेलाच हेडिंग्टन क्वारी. 1899 च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तिथे मॉरिस नाच चालू असताना अँग्लो वाजवणारा विल्यम किंबर आणि लोकसंगीताचा संग्राहक सेसिल शार्प यांची गाठ पडली. इंग्लंडमधल्या लोकसंगीत-संकलनाची कथा या भेटीपासून सांगण्याचा प्रघात आहे, आणि किंबरचे वादन आजही अँग्लोच्या वर्गात बारकाईने ऐकले जाते.

महिन्याची भेट आणि निवासी वर्ग यांत फरक फक्त तासांचा नाही. संध्याकाळी दोन तास भेटणारे वादक एकमेकांना आपले चांगले तेवढेच ऐकवतात. सवयीचे दोष उघडे पडायला दिवस जावा लागतो. बोटे थकतात, नवी चाल डोक्यात मावत नाही, आणि मग मनगटाचा ताठरपणा, गरजेपेक्षा जोरात दाबलेली बटणे, दर दोन मात्रांना हिसका घेणारा भाता हे सगळे दिसू लागते. शिक्षकाने सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी हातून सुटते, जेवताना त्यावर बोलणे होते, रात्री ती पुन्हा करून पाहता येते आणि दुसऱ्या सकाळी शिक्षक तिथेच असतो. गुरूच्या घरी राहून शिकण्याचे महत्त्व हिंदुस्थानी संगीताच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. इथे मुक्काम दोन रात्रींचाच, पण एकट्याने दहा वर्षे वाजवलेल्या माणसाला त्या दोन रात्री पुष्कळ देऊन जातात.

शुक्रवारी जेवणानंतर ओळखी होतात आणि सगळे मिळून दोन-चार सोप्या चाली वाजवतात. त्यातूनच शिक्षकांना प्रत्येकाची पातळी कळते आणि शनिवारचे गट ठरतात. गट आधी पद्धतीप्रमाणे, मग तयारीप्रमाणे.

इंग्लिश पद्धतीच्या अनुभवी गटात पहिला विषय बहुधा भात्याचा निघतो. या वाद्यावर भाता कोणत्याही दिशेला असो, स्वर तोच. म्हणून वादक भात्याचा विचारच करत नाही, तो संपला की वळवतो. परिणाम असा की वाक्याच्या मध्येच श्वास तुटतो. व्हायोलिनवादक गज कुठे वळवायचा हे जसे आधी ठरवतो, तसे भात्याचे वळण चालीच्या वाक्याशी जुळवणे हा या वर्गाचा गाभा. नाचाच्या चालीत मुद्दाम ठरावीक मात्रांवर भाता वळवून ठेका उठावदार करायचा, संथ चालीत वळण ऐकूच येऊ द्यायचे नाही. दुसरा विषय साथीचा. इंग्लिश रचनेत स्वरमेळातले तीन स्वर बोटांखाली त्रिकोणात जवळजवळ येतात, त्यामुळे ते वाजवणे सोपे जाते आणि म्हणूनच ते फार वाजवले जातात. चांगला शिक्षक ते कमी करायला सांगतो: कुठे दोनच स्वर, कुठे एकच टिकवलेला खालचा स्वर, कुठे काहीच नाही. इंग्लिश वादकांच्या बहुतेक अतिउत्साही वादनावर एवढा एक उपाय पुरतो.

अँग्लोचा वर्ग याहून गुंतागुंतीचा असतो, कारण तिथे भात्याची दिशा स्वरच बदलते. 30 बटणांच्या वाद्यावर अनेक स्वर एकाहून जास्त ठिकाणी मिळतात, काही भाता मिटताना, काही उघडताना. नवशिका जे बटण आधी सापडले तेच धरून बसतो. अनुभवी वादकाला निवड शिकायची असते. एका ओळीत राहून वाजवले तर भाता वारंवार उलटतो आणि चालीला जोमदार, उसळता ठेका येतो. मॉरिस नाचाला तो शोभतो. ओळी ओलांडून वाजवले तर एकाच दिशेत चार-पाच स्वर सलग बसवता येतात, वादन वाहते होते, आणि आयरिश रील वेगात वाजवण्यासाठी आजच्या क्लेअरच्या वादकांनी हाच मार्ग पक्का केला आहे. त्यांपैकी नोएल हिल याचे वादन आणि शिकवणे या बाबतीत फार प्रभावी ठरले. पण ओळी ओलांडण्यातही शिस्त लागते: कोणता स्वर नेहमी कुठे घ्यायचा, आणि अडचण आल्यावर पर्यायी जागी कधी जायचे. वर्गात एकच आठ मात्रांची ओळ घेऊन तिची तीन-चार बोटरचनांत मांडणी होते; प्रत्येक जण आपल्याला जमेल ती निवडतो आणि का निवडली हे सांगतो. इंग्लिश शैलीच्या अँग्लोत आणखी एक अडचण उभी राहते. डाव्या हाताने साथीचा स्वरमेळ द्यायचा असतो, आणि चालीतल्या स्वरासाठी भाता उघडा असताना त्या स्वरमेळाचे सगळे स्वर त्या दिशेत मिळत नाहीत. किंबरसारख्या जुन्या वादकांनी यातून वाट काढली ती अपुरे स्वरमेळ ठामपणे वाजवून. त्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून त्या जागा शोधून काढणे हे अनुभवी गटाला मनापासून आवडणारे काम. उजव्या अंगठ्याखाली हवेचे एक बटण असते, स्वर न वाजवता भाता मोकळा करणारे. ते नेमके केव्हा, किती क्षण दाबायचे, यावर एक तास सहज जातो.

ड्युएटच्या गटात कधी चार माणसे असतात, कधी दोन, आणि चौघांची पद्धत चार प्रकारची असू शकते. त्यामुळे इथे बोटरचना शिकवता येत नाही. शिकवायचे ते संगीत: दोन हातांची स्वतंत्र चाल, मधला स्वर कोणत्या हाताने धरायचा, डावा हात उजव्यावर भारी पडू नये म्हणून काय करायचे. भाता एकच असल्यामुळे दोन्ही बाजूंचा जोर वेगवेगळा ठेवता येत नाही. म्हणून डाव्या हाताचे स्वर लांबीने कमी करायचे, म्हणजे ते आवाजानेही कमी भासतात. आपल्याच पद्धतीचा दुसरा वादक प्रथमच भेटलेल्या माणसाचा आनंद या छोट्या गटात पाहायला मिळतो.

दुपारी सगळ्या पद्धतींचे वादक बँडसाठी एकत्र येतात. जुन्या गिरणी-गावांतल्या बँडांप्रमाणे चार-पाच भागांत लिहिलेली रचना समोर असते: वरचे भाग ट्रेबल वाद्यांना, मधले टेनर आणि बॅरिटोनला, तळाचा बासला. बास कॉन्सर्टिना चांगलीच जड आणि मोठी, हवा भराभर खाणारी. ती मांडीवर टेकवून वाजवणारा वादक चार तास वाजवून घामाघूम होतो. रचना मार्चची असते, एखाद्या स्तोत्राची असते किंवा सोळाव्या-सतराव्या शतकातल्या नाचाची. घरी एकट्याने वाजवणाऱ्यासाठी यातला अवघड भाग म्हणजे स्वतःला न ऐकता इतरांना ऐकणे. मधल्या भागात चाल नसते, तेच चार स्वर पुन्हा पुन्हा येतात, आणि ते नेमक्या क्षणी सोडावे लागतात. पुष्कळ वादक सांगतात की चाल वाजवण्यापेक्षा हा मधला भाग वाजवून आपण जास्त शिकलो.

बँडमध्येच जुन्या वाद्यांचा एक प्रश्न डोके वर काढतो. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये वाद्ये आजच्यापेक्षा चढ्या पट्टीत लावली जात. आज ए हा स्वर सेकंदाला 440 कंपनांवर धरतात. तेव्हा तो 452 च्या आसपास असे. फरक जवळपास पाव स्वराचा. अशी एक कॉन्सर्टिना गटात आली तर तिचा मालक बिचारा कितीही चांगला वाजवो, सगळ्यांना दात आंबल्यासारखे होते. म्हणून बहुतेक जुनी वाद्ये जिभा घासून नव्या पट्टीत लावून घेतली जातात. आणखी जुन्या, 1850 च्या आसपासच्या इंग्लिश कॉन्सर्टिनांत एक विलक्षण गोष्ट सापडते. त्यांत डी शार्प आणि ई फ्लॅट यांना वेगळी बटणे आहेत, तशीच जी शार्प आणि ए फ्लॅट यांनाही. पियानोवर या जोड्या एकच असतात. व्हीटस्टनच्या काळात ते स्वर खरोखर निरनिराळ्या उंचीला लावले जात, म्हणजे काही स्वरसंगती अधिक शुद्ध मिळे. नंतर सारी वाद्ये समान अंतरांच्या सप्तकात आली, पण बटणे तशीच राहिली. आज त्यांचा उपयोग बोटे सोयीस्कर पडावीत एवढाच. पेटीच्या ठरीव स्वरांवरून आकाशवाणीने तिच्यावर 1940 ते 1971 बंदी घातली होती, ती चर्चा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दुहेरी बटणांचे महत्त्व लगेच उमगेल. कारखान्यात बनणाऱ्या ठरीव स्वरांच्या वाद्यातही सूक्ष्म स्वरभेद जपण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो टिकला नाही याचे वाईट वाटते.

दुरुस्तीचे टेबल हा निवासी वर्गातला सर्वांत गर्दीचा कोपरा. एखादा जाणता कारागीर शनिवारी दुपारी पेचकस, चिमटे, चामड्याचे तुकडे घेऊन बसतो. बिघाड ठरावीक असतात. बटण दाबूनही आवाज येत नाही, कारण जिभेत कपड्याचा धागा किंवा धुळीचा कण अडकलेला. पातळ कागद हलकेच सरकवला की ती मोकळी होते. स्वर न दाबता सतत वाजतो, कारण स्प्रिंग सुटलेली किंवा गादी जागेवरून हललेली. जिभेवरची चामड्याची छोटी झडप वाकली की स्वर उशिरा बोलतो. भात्याच्या कोपऱ्यातून हवा जाते, तिथे आतून पातळ चामडे चिकटवावे लागते. सहा-सहा लांब स्क्रू काढून ताटली उघडली की आतल्या तरफा, गाद्या आणि तबकातल्या जिभांच्या किरणांसारख्या ओळी दिसतात; कित्येकांनी आपले वाद्य आतून कधी पाहिलेलेच नसते. चांगल्या जुन्या वाद्याची किंमत हजारो पौंडांत असल्यामुळे भीतीही असते. त्या भीतीवर इलाज हाच, की जाणत्या माणसासमोर एकदा ते उघडावे. वाद्यावरचा अनुक्रमांकही इथेच वाचला जातो. व्हीटस्टन कंपनीच्या विक्री-उत्पादनाच्या वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जपलेल्या आहेत, आणि त्यांतून अनेक वाद्यांचे वर्ष ठरवता येते.

शनिवारची रात्र मैफलीची. आधी शिक्षकांचे वादन, मग ज्याला हवे त्याचे. गाण्याच्या साथीला इथे मोठे स्थान आहे, आणि इंग्लंडमधल्या कॉन्सर्टिनाचा सर्वांत सुंदर उपयोग हाच. स्वतः गाणारा वादक गळ्याखाली एकच स्वर धरून ठेवतो, ओळीच्या शेवटी स्वरमेळ उघडतो, पुन्हा मागे सरतो. मैफलीनंतर खुले वादन सुरू होते. त्याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, तरी सगळे पाळतात. चाल सुरू करणाऱ्याने लय ठरवायची; येत नसेल त्याने ऐकायचे; एकाने सलग दोन-तीन चालींपेक्षा जास्त घ्यायच्या नाहीत; साथ करणाऱ्याने चाल झाकायची नाही. दिवसभर शिकलेल्या गोष्टी या तासाला हातात उतरल्या की नाही ते कळते.

या सगळ्यात एक वाद कायम असतो: कानाने शिकावे की लिपीवरून? बँड लिपीशिवाय उभा राहत नाही. आयरिश शिक्षक मात्र कागद बाजूला ठेवायला लावतो; तो चालीचा तुकडा वाजवतो, गट परत वाजवतो, मग पुढचा तुकडा. आयर्लंडमध्ये मिल्टाउन मॅलबे येथे 1973 पासून दर उन्हाळ्यात भरणाऱ्या विली क्लॅन्सी उन्हाळी शाळेतही पारंपरिक संगीत मुख्यतः याच रीतीने दिले जाते. दोन्ही बाजूंना आपापली कारणे आहेत. पण अनुभवी वादकाने ज्या रीतीत आपण कच्चे आहोत ती या दोन दिवसांत घ्यावी, हा जुन्या शिक्षकांचा सल्ला योग्य वाटतो.

निवासी वर्गाच्या मर्यादाही आहेत. शिक्षक कमी, त्यातही ड्युएटचे फारच कमी. शुल्क, राहणे आणि प्रवास मिळून खर्च बराच होतो, त्यामुळे तरुणांपेक्षा निवृत्तीच्या वयातले वादक जास्त दिसतात. अनेक वर्गांच्या आयोजकांनी तरुणांना सवलत आणि उसनी वाद्ये देण्याची सोय केली आहे, पण काम पुरे झालेले नाही. रविवारी सकाळी गट पुन्हा बसतात, जे शनिवारी अडले ते सोडवतात, दुपारी बँड आपली रचना एकदा सलग वाजवतो, आणि मंडळी घरी निघतात. शिक्षक चाली आणि बोटरचना ध्वनिमुद्रित करून न्यायला सांगतात, कारण खरे काम पुढच्या सहा महिन्यांत घरीच करायचे असते.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांत पेटी वाजवणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगण्यासारख्या. निवासी वर्गातली शनिवारची मैफल पुष्कळदा बाहेरच्या श्रोत्यांनाही खुली असते. ती ऐकायला वाद्य येण्याची गरज नाही, चौकशी मात्र आधी करावी. आणि दक्षिण लंडनमध्ये फॉरेस्ट हिलला हॉर्निमन संग्रहालयात नील वेन याने जमवलेला कॉन्सर्टिनांचा मोठा संग्रह 1996 मध्ये दाखल झाला आहे. तिथल्या वाद्यदालनात कॉन्सर्टिना पाहायला मिळतात, आणि संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही.